गाळणीची बेचाळिसावी चूक

तीर्थस्वरूप मोठ्या आत्येस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा आठांपैकी तीनचारच अंगांचा खरा धरावा.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की त्यांच्या कागदातल्या चुका काढून तो परत पाठवलास? छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेल्या बाईला असं विचारू नये. पण दहाव्या वर्षापर्यंत मला घरी तूच शिकवलंस, आणि शंका पोटात ठेवू नये हे शिकवणंही तुझंच.

तर, मला बक्षीस मिळालं आहे. हे एवढं वाक्य लिहायला तीन दिवस लागले. शास्त्रज्ञांना बक्षिसं मिळतात हे तुला ठाऊकच आहे. पण ते संगणकावरच्या ज्या प्रोग्रॅमवर काम करतात, ते लिहिणाऱ्यांनाही आता देतात म्हणे. म्हणजे जेवण छान झालं म्हणून सुरीला धार लावणाऱ्याच्या गळ्यात हार. माझा प्रोग्रॅम म्हणजे गाळणी. ध्वनिमुद्रणातला गोंगाट गाळायचा आणि हवा तो आवाज ठेवायचा, एवढंच तिचं काम. सहा वर्षांपूर्वी आमच्या विभागातल्या वटवाघूळवाल्या सरांसाठी लिहिली आणि कुणीही न्यावी म्हणून मोकळी ठेवली. कोण नेतं, याची चौकशी कधी केली नाही. (भीती वाटायची.) बक्षिसाची ईमेल आली ती फसवणूक समजून दोनदा पुसून टाकली. शेवटी निवड समितीच्या अध्यक्षबाईंचा फोन आला. आपली काहीतरी गल्लत होते आहे, असं मी त्यांना नम्रपणे कळवलं आणि पुराव्यादाखल गाळणीतल्या एक्केचाळीस चुकांची यादी पाठवली. त्यांचं उत्तर आलं: यादी परीक्षकांना फार आवडली.

समारंभ दुपारचा होता. चहाच्या वेळी एक दाढीवाले गृहस्थ माझ्या गळ्यातली नावाची चिठ्ठी वाचून थबकले. ते वर्षातले चार महिने बर्फावर तंबू ठोकून राहतात आणि बर्फाला तडा जाण्याआधी आतून येणारा आवाज ऐकतात. "अहो, 'हे का चालतं कळत नाही, हात लावू नये' असं लिहिणाऱ्या त्या तुम्हीच का?" ते म्हणाले. (प्रोग्रॅमच्या मधोमध मी स्वतःसाठी तशी टीप लिहून ठेवली होती.) त्यांनी ती छापून तंबूत लावली आहे! मग एक डॉक्टरीणबाई आल्या. त्या पोटातल्या बाळांच्या हृदयाचे ठोके गाळणीतून ऐकतात. आत्या, मी वटवाघळांसाठी केलेल्या गाळणीतून कुणाचा तरी अजून न जन्मलेला जीव ऐकू येतो आहे, आणि मी इथे बिस्किट खाते आहे!

त्या सहज म्हणाल्या, "लांब ध्वनिमुद्रणं शेवटी जराशी तुटतात बघा. यंत्र दमत असेल बिचारं."

यंत्र दमत नाही, आत्या. लांब मुद्रण गाळणी तुकड्यातुकड्यानं गाळते, आणि त्यातला शेवटचा तुकडा मी मोजायलाच विसरले होते. ही बेचाळिसावी चूक, यादीत नसलेली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आता गप्प राहून बक्षीस घ्यायचं, की सांगून घालवायचं? व्यासपीठावर गेले. भाषणाचा कागद खिशातच राहिला. मी चूक सांगितली, तुमची सगळ्यांची लांब मुद्रणं तपासा म्हटलं, आणि खाली उतरायला निघाले.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती लांबीच्या पुढे तुटतं?" आणि सभागृहात पटापट लॅपटॉप उघडले. कुणीतरी माझा मोठ्या पडद्याला जोडला. तीनशे माणसांसमोर मी चूक दुरुस्त करत होते, बर्फवाले मागून "कंस राहिला, ताई!" म्हणून ओरडत होते, आणि अध्यक्षबाई चाळीस मिनिटं सन्मानचिन्ह छातीशी धरून उभ्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी आपल्याजवळचं एक मुद्रण पुन्हा लावलं. या वेळी ते शेवटपर्यंत वाजलं. टक्, टक्, टक्. रागावलं कुणीच नाही. मला अजून समजत नाही की ही माणसं कुठल्या मातीची आहेत.

घरी सगळ्यांना नमस्कार. बाबांना चुकीबद्दल सांगू नकोस, बक्षिसाबद्दल सांग.

तुझी,
अजून धडधडणारी भाची

ता. क. मी रडले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. डोळ्यांत पडद्याचा उजेड जात होता. (रडले.)

ता. क. २. खरं काम असं की समिती आता गाळणीचं माहितीपुस्तक छापते आहे. दोनशे बारा पानं, सगळी मी लिहिलेली. माझी चूक मला दिसत नाही, हे तर तीनशे जणांनी पाहिलं. तू वाचशील का? नाही म्हणायला पूर्ण मोकळीक आहे. पार्सल कालच पाठवलं.

ता. क. ३. एकही चूक सापडली नाही, तर कृपा करून तसं कळवू नकोस. मला झोप लागणार नाही.