चाकाले चिकटलेली कुसळं

नागभीड, शनिवार, दिवेलागण

माझं विमान कोणीतरी उडवून राह्यलं! ड्युटीवरून येऊन पाहतो त रिमोटवालं विमान खुंटीवरच होतं, पण चाकाले गवताची कुसळं चिकटलेली अन् बॅटरी पार उतरलेली. मी त रविवारपासून हात लावला नाई. घरात आई एकटी, अन् ती त त्याले लेकराचं खेळणं म्हणून तोंड वाकडं करते.

संशय गेला शेजारच्या देवाजीवर. त्याले विचारलं, त माझ्यावरच उखडला. "मले काऊन पुसता? तुमचं विमान रोज तुमच्या धानावर फिरते. तुमच्याकडचे सारे पोपट आता माह्या धानाच्या बांधीत येऊन राह्यले!" कोण उडवते, ते काही सांगे ना.

पण ती कुसळं! म्हणजे विमान चाकावर उतरलं. माझं त दर खेपेस नाकावरच पडते, मंग मी चिकटवत बसतो. एवढं सफाईनं उतरवणारा गावात आहे तरी कोण?

आत्ता आई धान राखून आली. चहा देताना म्हणाली, "उतरवताना नाक जरासं वर धरत जाय, बापा. मंग नाई तुटत."