उलाळ कोण, याचा खुलासा

कुरखेडा,
शुक्रवार, दि. १३ डिसेंबर २००२

आदरणीय बापूरावभाऊजी आणि आमची बायनाबाई यांना हिरामणचा सविनय जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा शेक सुरू ठेवलात, की दोन दिवस करून सोडून दिलात? बाईचा खोकला थांबला असावा. (तिला सांगा, डोळ्यांत टाकायच्या थेंबांची बाटली आणि खोकल्याची बाटली एका फळीवर ठेवू नये. मागच्या वेळी मी ते पाहिलं आणि घरी परत येईपर्यंत मला चैन पडलं नाही.) आम्ही इकडे सुखरूप आहोत. 'सुखरूप' हा शब्द मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला आहे, कारण तो कितपत खरा आहे याची मला खात्री नाही. सर्वांचे हातपाय जागेवर आहेत, एवढं मात्र पाहून घेतलं आहे.

भाऊजी, नात्यानं तुम्ही माझ्या बहिणीचे यजमान आणि हुद्द्यानं आपल्या नेत्र-समितीचे अध्यक्ष. हे पत्र मी दोघांपैकी कोणाला लिहितो आहे, ते अजून माझं ठरलेलं नाही. तूर्त यजमानांना लिहितो आहे असं समजा. अध्यक्षांपर्यंत मजकूर पोचेपर्यंत मला थोडा धीर येईल.

आपल्या समितीची कॅरव्हॅन तुम्ही नारळ फोडला त्या दिवशी पाहिली, पण ती चालताना पाहिलेली नाही. (तुम्ही भाग्यवान आहात.) लोक तिला 'डबा' म्हणतात आणि मीही आता तेच म्हणतो. डब्याला मधोमध दोनच चाकं, पुढे लोखंडी दांडी, आणि ती दांडी जीपच्या मागच्या गोळ्यावर बसते. बाकी सगळा संसार आत: तपासणीची लोखंडी खुर्ची, चष्म्यांच्या पेट्या, जनरेटर, पाण्याचे दोन ड्रम, ताडपत्री, बाकडी. कोणती वस्तू कुठे ठेवायची, हे काम व्यवस्थापक म्हणून माझं. डब्यासोबत एक इंग्रजी माहितीपुस्तिका आली होती आणि ती मी पेन्सिलीनं खुणा करत वाचली होती. दांडीचा गोळ्यावर पडणारा भार एकूण वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असावा, त्याहून फार नसावा, असं त्यात होतं. 'फार नसावा' याखाली मी रेघ मारली. पुढे मला वाटलं, जे फार असणं वाईट, ते जितकं कमी तितकं चांगलं. म्हणजे मुळीच नसेल तर सर्वांत उत्तम. माझं सबंध आयुष्य मी या नियमावर काढलं आहे, भाऊजी. मीठ, तिखट, बोलणं, सगळ्याला तो लागू पडला होता.

शिवाय त्यात दयाबुद्धीही होती. आपला ड्रायव्हर वाजिद याच्या कमरेत चमक भरते. आरमोरीच्या शिबिरात दांडी उचलून गोळ्यावर बसवताना तो कळवळला, ते मला पाहवलं नाही. मी त्याच दिवशी जनरेटर आणि दोन्ही ड्रम मागच्या दाराशी नेऊन ठेवले. दांडी इतकी हलकी झाली की दोन बोटांनी उचलता यावी. वाजिद म्हणाला, "सर, हे काई बराबर नाई वाटून राह्यलं मले." तेव्हा मी त्याला खडूनं जीपच्या दारावर तरफेची आकृती काढून दिली आणि टेकू, भार, बल यांवर अर्धा तास समजावून सांगितलं. (मी बी.एस्सी.ला दुसऱ्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो, हे त्याला त्या अर्ध्या तासात दोनदा कळलं.) त्यानं मान हलवली. ती होकारार्थी होती असं मी डायरीत लिहिलं आहे. आज ते पान वाचवत नाही.

कुरखेड्याकडे येताना जंगलात एक उतार आहे, खाली नाल्यावर अरुंद पूल. त्या उताराला डब्यानं शेपूट हलवायला सुरुवात केली. आधी थोडीशी, एखाद्या कुत्र्यानं ओळख दाखवावी तशी. मग जास्त. मग डबा डावीकडे जाई तर जीपचं तोंड उजवीकडे, आणि डबा उजवीकडे तर आम्ही सागाच्या झाडांकडे. कोण कोणाला ओढतं आहे, ते समजेना. मी पुढे वाजिदशेजारी बसलो होतो. माझ्या पायाखाली ब्रेक नाही हे मला माहीत असूनही मी तो इतक्या जोरानं दाबला की चपलेचा अंगठा तुटला. "ब्रेक मार! वाजिद, ब्रेक मार!" असं मी ओरडत होतो, आणि तो मुळीच ब्रेक मारत नव्हता. त्यानं फक्त पाय उचलला आणि स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवलं, जणू शेजारी कोणी बसलेलंच नाही. मागून आमची सौ. माधवी म्हणाली, "अहो, ओरडू नका, त्याले चालवू द्या." ती तपासणीच्या भिंगांची पेटी मांडीवर धरून बसली होती आणि त्यातलं एकही भिंग फुटलं नाही. माझा आवाज मात्र पुढचे दोन दिवस बसला होता. वेग आपोआप कमी झाला, शेपूट शांत झालं, आणि पुलावरून आम्ही नवरीच्या वरातीसारखे हळूहळू गेलो.

पुलापलीकडे डोमाजी नावाचे एक म्हातारे धानाचे भारे भरलेली बैलबंडी घेऊन उभे होते. त्यांनी सगळा प्रकार पाहिला होता. ते डब्याभोवती एक फेरी मारून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "लय उलाळ हाय जी सायेब. असं नाई चालत. एखांद्या दिवशी जीव घेईन." त्याच वेळी वाजिद खाली उतरून माझ्या तुटक्या चपलेकडे पाहून हसत होता. मी डोमाजींच्या बोलण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. उलाळ्या करणारं वासरू असतं, तसा उलाळ माणूस. थिल्लर. उडाणटप्पू.

त्याच दुपारी मी समितीला अहवाल लिहिला. भाऊजी, भ्यालेल्या माणसानं अहवाल लिहू नये, असा एक नियम आपल्या घटनेत घालावा अशी माझी नम्र सूचना आहे. मी लिहिलं की वारंवार आदेश देऊनही चालकानं ब्रेक लावला नाही. पुढे लिहिलं, 'सदर चालक उलाळ असल्याचे स्थानिक ज्येष्ठ नागरिकानेही निदर्शनास आणून दिले आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याची नक्कल डायरीत उतरवून ठेवली. आपले सचिव शहरात वाढलेले. त्यांना या शब्दानं काही खटकलं नसावं. तुमच्यासमोर त्यांनी अहवाल वाचला असता तर तुम्ही तिथेच हसला असता. पण ते नेहमी शेवटचा परिच्छेद तेवढा वाचतात, आणि त्यात फक्त 'योग्य ती कारवाई व्हावी' असं होतं.

कारवाईचं पत्र परवा आलं. रविवारच्या सभेत वाजिदला कामावरून कमी करायचं, आणि त्याआधी त्याला काही म्हणायचं असेल तर त्यानं हजर राहावं. पत्र त्याच्या नावानं होतं, म्हणून मी त्याच्याच हातात दिलं. त्यानं ते दोनदा वाचलं. "सर, उलाळ म्हंजे मी का?" असं म्हणून तो खो खो हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला. घडी घालून पत्र खिशात ठेवलं आणि जीपची काच पुसायला लागला. ती काच आधीच स्वच्छ होती. त्याची आई रहमतबी आपल्याच शिबिरात मोतीबिंदू काढून घेऊन नीट पाहायला लागली, ते तुम्हाला आठवत असेल. लेकाच्या गाडीवरचा 'नेत्र' हा शब्द तिनं सर्वांत आधी वाचला होता.

माधवी तिथेच तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "माणूस कुठी उलाळ असते का? बंडी उलाळ असते." तिचं माहेर शेतकऱ्याचं. मागे जास्त भार झाला की बंडी मागे बसते, जू वर उचललं जातं आणि बैलाचा गळा आवळला जातो; त्याला उलाळ म्हणतात. हे तिनं मला सुपातल्या तांदळातून मान वर न करता सांगितलं. "तुम्हाले माहीत नव्हतं?" असंही विचारलं. माझ्या आजोबांकडे दोन बंड्या होत्या, भाऊजी. माझे वडील शिकले, मी त्यांच्याहून जास्त शिकलो, आणि हा शब्द वाटेत कुठेतरी सांडला.

म्हणजे उलाळ होता तो मी भरलेला डबा. जोरात ब्रेक मारला असता तर डबा आम्हाला घेऊन नाल्यात गेला असता, असं वाजिदनं त्यानंतर विचारल्यावर सांगितलं. मी विचारेपर्यंत त्यानं ते सांगितलं नव्हतं. जी एक गोष्ट त्यानं बरोबर केली, तीच मी त्याच्याविरुद्ध लिहिली होती.

मी तडक उठलो आणि प्रायश्चित्त म्हणून सगळं सामान स्वतः पुढे ओढलं: जनरेटर, ड्रम, पेट्या, लोखंडी खुर्ची. सगळं दांडीच्या बाजूला. (जे मागे असणं वाईट, ते जितकं पुढे तितकं चांगलं. माणूस एवढ्या लवकर बदलत नाही.) जीपचं मागचं अंग खाली बसलं आणि तोंड आकाशाकडे गेलं. आठवडी बाजाराच्या रिकाम्या मैदानात चालवून पाहिली, तर पुढची चाकं जमिनीला नुसती शिवत होती. वाजिद स्टेअरिंग वळवी आणि जीप विचार करून मग वळे. आम्ही एका चिंचेच्या झाडाला अगदी घासून गेलो. डोमाजी तिथे बिडी ओढत बसले होते. "आता धुरजड केली जी सायेबानं," ते म्हणाले, "आता बैल लोयते." मी या वेळी शब्दाचा अर्थ विचारून वहीत लिहून घेतला: सगळा भार पुढे, बैलांच्या मानेवर, की बैल लोळतात.

मग त्या दोघांनी डबा रिकामा केला आणि मला चिंचेखाली बसवलं. जड सामान चाकांच्या बरोबर वर आणि तळाशी, हलकं पुढेमागे, ड्रम एक या अंगाला आणि एक त्या अंगाला. डोमाजींनी दांडीखाली तळवा घालून तोललं. "एका माणसानं उचलावी," ते म्हणाले, "पण कण्हून उचलावी." माझा विश्वास बसेना, म्हणून रुग्णांचा वजनकाटा आणून दांडीखाली ठोकळा घालून मोजलं. डबा भरून साडेआठशे किलो, काट्यावर चौऱ्याऐंशी. पुस्तिकेनं दोन पानांत सांगितलेलं डोमाजींच्या तळव्यानं एका वाक्यात सांगितलं होतं. वाजिदच्या कमरेसाठी आता जॅक घेतला आहे; तो आधीच सुचायला हवा होता.

काल त्याच उतारावरून जाऊन आलो. डबा रुळावरून चालावा तसा सरळ चालला. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, कारण उतारभर मी डोळे मिटून होतो. (नेत्र-समितीच्या व्यवस्थापकानं हे लिहिणं योग्य नाही, पण खोटं किती वेळा लिहायचं?) पोटातून मात्र कळलं. आता गाडीबद्दल माझ्या मनात तिळमात्र भीती उरलेली नाही.

बाकी सर्व क्षेम. बाईला नमस्कार. थंडीत गुडघा झाकून ठेवा.

तुमचा,
हिरामण

ता. क. - वरचं पत्र यजमानांना होतं. अध्यक्षांना एवढीच विनंती, की सभा सुरू होण्याआधी ते सर्वांसमोर मोठ्यानं वाचावं, शेवटच्या परिच्छेदापासून नव्हे, आणि माझ्या अहवालात 'चालक' जिथे लिहिलं आहे तिथे 'व्यवस्थापक' करून घ्यावं. कमी करायचं असेल तर मला करावं. ही ओळ मी चारदा खोडली आणि पाचव्यांदा लिहिली आहे.

आणखी एक - चपलेचा परिच्छेद सभेत गाळला तरी चालेल.

शेवटचं - पत्र पोस्टानं वेळेत पोचणार नाही, म्हणून वाजिदच ते तुमच्या हातात देईल. तो आणि माधवी रविवारी सकाळी जीप आणि डबा घेऊन तुमच्याकडे, मूल गावी, निघतील. मी एस.टी.नं येतो आहे. गडचिरोलीला गाडी बदलावी लागते, तेव्हा मला तास-दीड तास उशीर होईल. तोवर सभा थोपवून धरा. भीतीचा यात काही संबंध नाही, आणि तसं मी वाजिदला सांगितलंही. तो म्हणाला, "या ना सर, आरामात या. तुम्ही नसले तं गाडीचा तोल तसाच राह्यते, माहा सुधरते."