क्षितिजाच्या साबणाचा तांदूळ

मीरा रोड,
८ फेब्रुवारी २००६

सौ. गिरिजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी लेक चांगली नोकरी सोडून हाटकेशला गाळा घेऊन बसली, हे तू मला फोनवर पेढे वाटल्यासारखं सांगितलंस. काल जाऊन पाहिलं. तुमच्या शेतातला तांदूळ दळून, खोबरेलात कालवून ती तोंडाला लावायचा साबण करते. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला पानात एक शीत टाकू द्यायच्या नाहीत. इथे तांदूळच मोरीत जाणार. तसं क्षितिजाला सुनावलं. तर म्हणाली, मावशी, आधी तोंड धू, मग तोंड टाक. ही जीभ तुझी नव्हे.

धुतलं. तिला कळवू नकोस, पण गाल मऊ झाले. नंतर मी सगळंच विचारत सुटले. वड्या महिनाभर फळीवर सुकवतात, तोवर विकत नाहीत. वेष्टनावर छापलं आहे, ‘शेणखतावरचा तांदूळ, रसायनाचा कण नाही.’ ती ओळ मीच तपासून दिली. सगळ्या वड्या कॉन्व्हेंटात माझ्या वर्गात असलेल्या फ्लोरिनने उत्तनच्या तिच्या पार्लरसाठी मागितल्या आहेत. पहिलंच गिऱ्हाईक आहे. ते टिकलं तर गाळा टिकेल.

एक मात्र कळेना. तुझ्या गोणीत हात घातला, तर तळव्याला गुळगुळीत पांढरी पूड लागली. पीठ नव्हे ते. आणि तांदूळ गेल्या वर्षीचा, तरी एक पोरकिडा नाही. हे कसं?

भावोजींना नमस्कार. तुझ्यावर रागावलेली असले तरी तुझीच,
मृणालिनी

कर्जत,
१५ फेब्रुवारी २००६

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. गाल मऊ झाले तिथे हे फार हसले.

पुडीचं काय विचारतेस, बोरिक पावडर ती. सासूबाई लावायच्या, मीही दर वर्षी लावते. भात करताना धुतली की जाते. लेकीच्या धंद्याचा तांदूळ, त्यात किडा निघून तिची शोभा नको, म्हणून ह्या खेपेला जास्तच चोळली. ती धुऊनच घेते ना गं? आता मला घोर लागला.

लवकर लिही. मायेत अंतर नको.
तुझी गिरिजा

मीरा रोड,
२ एप्रिल २००६

सौ. गिरिजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं उत्तर आलं तेव्हा फोनवर फक्त बिनपावडरची गोणी मागितली. कारण आता लिहिते. ती धूत नाही. ओल राहिली तर वडीला बुरशी येते, म्हणून तांदूळ कोरडाच दळते.

गप्प बसावं असं मनात आलं; फ्लोरिनला काय कळणार होतं. पण वेष्टनावरची ती ओळ डोळ्यांपुढून हलेना, म्हणून क्षितिजाला सांगितलं. तुझ्यावर चिडली नाही. बराच वेळ कोरडेच हात पुसत राहिली, मग म्हणाली, चल उत्तनला. फ्लोरिनने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पावडर हाय तं मना नको. दुसरा कर, पण आधी गोणी मी बघनार.

त्या वड्या आता गाळ्यात हात धुवायला आहेत. तुझी नवी गोणी उघडली तर किड्यांमुळे तांदूळ चालत होता. क्षितिजा रडवेली झाली, मी तुला मनातल्या मनात दोन शब्द बोलले. तेवढ्यात फ्लोरिन आलीच. कोपरापर्यंत हात घातला. एक पोरकिडा तिच्या बांगडीवर चढला. तिने तो निरखून पाहिला, फुंकरीने उडवला आणि म्हणाली, हां, आता पावडर न्हाय. मागणी कायम ठेवली.

तेव्हापासून मी रोज हाटकेशला जाते आणि चष्मा लावून किडे निवडते. कोणी विचारलं तर सांगते, तपासणी अधिकारी आहे.

पुढची गोणी लवकर पाठव. लोभ नेहमीसारखाच असू दे, फक्त काही न चोळता.
तुझी ताई,
मृणालिनी