दोराचं शेवटी सांगतो

सोमवार, ९ मार्च
दुकानातून

चि. खारूताईस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याच्यावर कुरकुरतो, असं आमचं दोघांचं चाललेलं असतं. ताईला सांग, स्वेटर अगदी मापात बसला.

तर आता तुला कडे चढायचेत. कॉलेजच्या ग्रुपमध्ये नाव घातलंस, पुढच्या महिन्यात पहिला कडा, आणि वर मला हुकूम सोडलास, 'मामा, सामान काय काय घेऊ, यादी पाठव.' पाठवतो. पण आधी जरा चिडून घेऊ दे. सकाळपासून तोंड कडू झालंय आणि या काउंटरवर माझं ऐकायला कुणी नाही.

दुकान उघडल्या उघडल्या एक जोडपं आलं. तिला हार्नेस हवा होता. मी विचारलं, कमरेचं माप काय? तर म्हणाली, "जांभळ्या रंगात आहे ना?" तिच्या नवऱ्याने कॅराबिनर, तो दोर अडकवायचा आकडा, कानाला लावून आरशासमोर फोटो काढले. मग दोघांनी घामेजलेल्या पायांनी बुटांचे अकरा जोड घालून बघितले आणि एकही न घेता निघून गेले. ते अकरा जोड पुसायचं काम माझं. नव्या बुटांना परक्या पायांचा वास लागला की मला दुपारी जेवण जात नाही, तुला सांगतो.

आणि आमचे मालक त्या जोडप्याच्या वरताण. खिडकीत वर्षभर उन्हात टांगलेला हार्नेस, एका बाजूने पार विटलेला, तो त्यांनी नवा कोरा म्हणून फळीवर ठेवला. उन्हाने पट्ट्याचा जीव जातो हे मी त्यांना दहा वेळा सांगितलंय. म्हणाले, "कुणाला दिसतंय?" मी कात्री घेतली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पट्टा कापला. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. तेवढीच शांतता.

असो. घे लिहून.

बूट स्वतःचे घे. ग्रुपच्या सामाईक बुटांत पाय घालू नकोस, एकदा हुंगून बघ म्हणजे मी का म्हणतो ते कळेल. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. बोटं पुढे टेकली पाहिजेत, रडली नाही पाहिजेत. कुणीतरी शहाणा तुला सांगेल की दोन नंबर लहान घे. त्याला माझ्याकडे पाठव.

हार्नेसचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसायला हवा. आवळल्यावर आत तळहात सपाट सरकला पाहिजे, पण मूठ करून बाहेर निघता कामा नये. दुकानात टांगून घेऊन पाच मिनिटं लटकून बघ. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. खिडकीतला घेऊ नकोस.

हेल्मेटबद्दल वाद नको. केस बिघडतात म्हणालीस तर तू माझी भाची नाहीस.

कॅराबिनर स्क्रूने बंद होणाराच, आणि नवा. वापरलेला कुणी फुकट दिला तरी नको. तो कधी उंचावरून पडलाय का, हे त्याच्या तोंडाकडे बघून कळत नाही. खाली उभं राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळायचं जे यंत्र असतं, ते साधं घे, ज्यात बिघडण्यासारखं काही नाही. चॉक पावडर लागते बोटांना. हल्लीची पोरं ती तोंडाला लावल्यासारखी उधळतात.

दोराचं शेवटी सांगतो. गिऱ्हाईक आलंय.

बुधवार, ११ मार्च
घरून

आज सुट्टी. तुझं पत्र पुन्हा वाचलं. खरं तर शनिवारपासून पाचव्यांदा.

तू लिहिलंयस की बाबांनी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "मामाला विचार. सामानाच्या बाबतीत त्याच्यासारखा काटेकोर माणूस मी बघितला नाही. आणि चढायचंच असेल तर त्याच्यावर जा, माझ्यावर जाऊ नकोस."

या वाक्यापाशी आलो की दर वेळी मी पत्राची घडी घालून ठेवतो.

पुढे तू बाबांची नेहमीसारखी थट्टा केलीयस. कुलूप लावून तीनदा ओढून बघतात, गॅस बंद केला का ते बघायला जिन्यातून परत येतात, सदऱ्याचं माप तीनदा घेतात आणि गिऱ्हाईक हसतं. ताई म्हणते, एवढं तेव्हा बघितलं असतं तर पाय शाबूत राहिले असते. हे ताईचं बोलणं मी तुमच्या घरी कितीतरी वेळा ऐकलंय. बाबांच्याच पंगतीला बसून, त्यांनीच वाढलेलं जेवत. मी मान खाली घालून जेवत राहतो. तुम्हाला वाटतं, मामाला वाईट वाटतंय.

आणि शेवटी तू लिहिलंयस, 'बाबांचा तो जुना दोर अजून तुझ्याकडे ट्रंकेत आहे ना? तो मला दे. पहिला कडा मी त्याच दोरावर चढणार.'

नाही चढणार. वीस वर्षांचा दोर झालाय तो, कुजलेला. हे पहिलं कारण. ते एकच असतं तर मी पत्र इथेच संपवलं असतं.

मागच्या व्हरांड्यात कपडे वाळताहेत. मी उठून ते काढून आणतो. मग पुढे लिहितो.

रविवार, १५ मार्च

कपडे काढून आणायला मला चार दिवस लागले, असं समज.

आधी एक गोष्ट समजून घे, म्हणजे पुढचं कळेल. कड्यावरून दोराने उतरताना दोर वरच्या कडीतून ओवतात आणि त्याचा मध्य कडीत धरतात. दोन्ही बाजू खाली सारख्या लोंबतात आणि दोन्हींवर मिळून आपण उतरतो. मध्य ओळखायला दोराला खूण केलेली असते. खूण मध्यावर नसेल तर एक टोक जमिनीपर्यंत पोचतच नाही. वरून ते दिसत नाही.

आमच्या गिर्यारोहण मंडळाचा निळा दोर साठ मीटरचा होता. सामान माझ्या ताब्यात असायचं. मध्याची खूण तुझ्या बाबांनी केलेली, नारिंगी दोऱ्याचा गच्च वेढा आणि वरच्या आवरणात बारीक टाके. शिंप्याचा हात. बोट फिरवलं तरी टाका लागायचा नाही.

तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. गुरुवारी मी दोर तपासला. एक टोक पिंजल्यासारखं झालं होतं, म्हणून मी दहा मीटर कापून टाकला. टोक कापलं की खूण हलवावी लागते, हे नव्या पोरांना मीच शिकवायचो. पण नारिंगी दोरा नव्हता. म्हटलं, रविवारी दाजींनाच सांगू, त्यांचा टाका सुबक असतो.

रविवारी वाटेत मी त्यांना चिडवत होतो. तू 'बाबा'च्या आधी 'मामा' म्हणायला शिकली होतीस ना, त्यावरून. ते हसत होते, मी हसत होतो. खुणेचं मी विसरलो.

इथपर्यंत ती चूक होती. चुकीला मी चूक म्हणून सांगितलं असतं तर आज मला माझ्याच हाताची किळस आली नसती.

आमची एक पद्धत होती. उतरणाऱ्याने ओरडायचं, "खूण कडीत!" दुसऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मगच ओरडायचं, "बरोबर!" वर आम्ही दोघंच होतो, बाकीचे पायवाटेने उतरत होते, हाकेच्या बाहेर. तुझे बाबा ओरडले. मी वाकून बघितलं. खूण कडीतच होती. मी ओरडलो, "बरोबर!"

जमिनीपासून चार मीटरवर आखूड टोक त्यांच्या हातातून निसटलं. सगळा दोर सळसळत कडीतून निघून गेला. वर मी आणि रिकामी कडी. मागच्या पायवाटेने मी उतरून येईपर्यंत बाकीच्यांनी त्यांना उचललं होतं. दोन्ही टाचांचा चुरा झाला होता.

सामान माझ्या ताब्यात, म्हणून दोर माझ्याकडे आला. दवाखान्यात न्यायला त्यांचे कपडे आणण्यासाठी ताईने मला तुमच्या घरी पाठवलं. कपडे घेतले आणि त्यांच्या मशीनच्या खणातून नारिंगी दोऱ्याचं रीळ घेतलं. त्याच दिवशी घरी बसून ब्लेडने त्यांचे टाके उसवले, पाच मीटर सरकून नवी खूण केली आणि वहीत गुरुवारच्या तारखेपुढे लिहिलं, 'दहा मीटर कापला, खूण हलवली.'

मंडळाच्या तीन ज्येष्ठांनी हॉलमध्ये दोर पसरून मोजला. खूण बरोबर मध्यावर. मला विचारलं, तू बघितलंस का? मी म्हटलं, मी पिशवी भरत होतो. त्यांनी वहीचं कौतुक केलं. निकाल लागला की तुझ्या बाबांनी खूण कडीत धरलीच नाही, हलगर्जी.

दवाखान्यात तुझे बाबा दोन्ही पायांना प्लास्टर घालून पडले होते. मला म्हणाले, "अरे, मी ओरडलो होतो ना? तू बरोबर म्हणालास. मला स्वच्छ आठवतंय."

मी म्हटलं, "दाजी, धक्का बसलाय तुम्हाला. आठवणीचा घोळ होतो अशा वेळी."

त्यांनी स्वतःच्या प्लास्टरकडे बघितलं. मग म्हणाले, "असेल रे. तू कशाला खोटं सांगशील."

खारूताई, त्यांचे पाय मी विसराळूपणाने मोडले. पण त्या एका वाक्याने मी त्यांचे डोळे काढून घेतले. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या नजरेवर विश्वास नाही. कुलूप तीनदा ओढतात, तो त्यांचा दोष नाही, माझा आहे. तुम्ही हसता, मीही तुमच्यात बसून हसलोय. मालक विटलेला हार्नेस नवा म्हणून ठेवतात, तर मी त्यावर कात्री चालवतो. कुणाला दिसतंय, असं ते म्हणाले तेव्हा मला शिसारी आली, कारण ते वाक्य माझंच होतं.

कापलेला दहा मीटरचा तुकडा मी टाकून दिला नाही. टाकायला कचऱ्यापर्यंत नेला आणि परत आणला. मग मागच्या व्हरांड्यात कपडे वाळत घालायला बांधला. अठरा वर्षं माझे बनियन त्याच्यावर वाळताहेत. मागच्या उन्हाळ्यात तुझे बाबा आले होते, त्यांनी स्वतःचा ओला सदरा त्याच्यावर टाकला. दोराला हात लावून म्हणाले, "चांगला आहे रे, कुठला?" मी म्हटलं, दुकानातला.

बास. याहून घाण माझ्याकडे उरलेली नाही.

सोबत पार्सल पाठवतोय. हेल्मेट, हार्नेस, दोन स्क्रूचे कॅराबिनर, यंत्र, सगळं नवं, खिडकीतलं नाही. बूट तू घालून बघून घे. दोर ग्रुपचा वापर, पण त्याची खूण तू स्वतः तपास. दोन्ही टोकं एकत्र धरून हाताने मोजत मध्यापर्यंत जा, सामान सांभाळणारा कितीही काटेकोर म्हणून नावाजलेला असो. आणि उतरताना दोन्ही टोकांना गाठ मार. आमच्याकडे तेव्हा ती पद्धत नव्हती.

पार्सलच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू आहेत, त्या तुझ्या नाहीत. एक व्हरांड्यातला दोर. दुसरा, ट्रंकेतल्या दोराचा वीतभर तुकडा, ज्याच्यावर ती खूण आहे. बाकीच्या दोराचे मी बारीक तुकडे केले, पुन्हा कुणी चढायला नको. हे दोन बाबांच्या हातात दे. खुणेवरचे टाके जाडेभरडे आहेत, एक आडवा, एक तिरका. त्यांनी तो दोर त्या दिवसानंतर पाहिलेला नाही. शिंपी आहेत ते, टाका आपला नाही हे कळायला त्यांना चष्मासुद्धा लागणार नाही.

मग हे पत्र वाचून दाखव. ताईलाही बसव, तिने तर नक्कीच ऐकलं पाहिजे. बाबांना सरळ लिहायला हवं होतं, तीन कागद फाडले, जमलं नाही. तुझ्या आडून सांगतोय, हीसुद्धा भेकडपणाचीच तऱ्हा. मी येऊ की नको, ते त्यांनी ठरवायचं. त्यांनी यायला सांगितलं नाही तर मी विचारणार नाही.

वाचून झाल्यावर ते बहुतेक टाक्यांवरून बोट फिरवतील. मग कधीतरी विचारतील, "म्हणजे खूण कडीत होती?"

त्यांना सांग, मामाने वाकून, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, आणि तो म्हणतोय:

बरोबर!

— मामा