नळीच्या बुडातलं लाल

मंगळवार, संध्याकाळ. बेंगळुरू.

आमच्या लॅबमध्ये मूळ पेशींपासून रक्ताच्या लाल पेशी बनवून राहिले. काही लेकरांच्या अंगात जे एन्झाइम बनत नाही, ते या पेशींनी पोचवावं म्हणून. मी तिथं फक्त काचेची भांडी धुतो. इतके दिवस नळीच्या बुडाशी पांढरंच दिसायचं. आज मॅडमनी बोलावून दाखवलं. टिकलीएवढं लाल.

मले राहवलं नाही. नागपूरले ताईले फोन केला, "लाल झालं वं ताई." तिच्या पोराच्या, गुड्डूच्या अंगात तेच एन्झाइम बनत नाही.

आता तिचा व्हिडिओ कॉल आला. प्रताप नगरच्या अख्ख्या गल्लीत संत्रा बर्फी वाटून मोकळी. काहून एवढी घाई केली मी? म्हटलं, "ताई, औषध नाही झालं अजून. उंदरालेही दिलं नाही. वर्षं लागतील."

"मले मालूम हाय गा. लाल तर झालं न? त्याचीच वाटली. तुह्या वाटची डब्यात ठेवली."

"औषध झाल्यावर खाईन."

"तवापर्यंत बुरशी येईल, येड्या. दिवाळीले ये, ताजी आणू. औषध होईल तवा अजून वाटू."

मागं गुड्डू तोंडभर बर्फी घेऊन हसून राहिला होता. ते टिकलीएवढं लाल डोळ्यांपुढून हटूनच नाही राहिलं.