नकाशाची पूर्व बाजू

४ नोव्हेंबर १९९९, राहाता
पुण्याच्या महेंद्रने त्याच्या इंटरनेटवरच्या लढाईच्या गेमचा नकाशा मला दिला. गड, नदी, जंगल, दलदल एका नजरेत ओळखू यायला हवं. आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये नजर म्हणजे माझीच. पंधरा दिवसांत देणार.

७ नोव्हेंबर
मॉनिटर उजवीकडून काळवंडतोय. व्होल्टेज. मधूनच काळे ठिपके तरंगतात. धूळ. प्रज्ञाने काच पुसली, म्हणाली स्वच्छच होती. बायको शाळेत भूगोल शिकवते, तिला हार्डवेअर काय कळणार.

९ नोव्हेंबर
उपाय सापडला. नकाशाची पूर्व बाजू दुप्पट उजळ केली. आता ठीक. कच्चा नकाशा चाचणीसाठी महेंद्रला पाठवला.

१२ नोव्हेंबर
महेंद्रचा ईमेल. पूर्वेचे गड पांढरेफटक, खेळणारे गोंधळतात म्हणे. पुण्यातले मॉनिटर जुने असणार. तसं कळवलं.

१३ नोव्हेंबर
क्लासमधला दुसरा मॉनिटर लावला. तोही उजवीकडूनच गेलेला. अख्खा लॉट खराब. कंपनीला कडक पत्र लिहिणे. पूर्व बाजू आणखी उजळ केली.

१६ नोव्हेंबर
जेवताना भाजी वाढली नाही म्हणून कुरकुरलो. आई म्हणाली, "मानिटर बिघडला म्हनतो, मग ताट बी बिघडलं का? भाजी उजवीकडं हाय, लेका."
कामाचा ताण. दुसरं काही नाही.

१८ नोव्हेंबर
शिर्डी रोडला उजवीकडून उसाची बैलगाडी अचानक आली. स्कूटर घसरली. मागे बसलेल्या प्रज्ञाचं कोपर सोललं. बैलगाडी अचानक येत नसते, म्हणाली. मग तिथेच तिने माझा डावा डोळा हाताने झाकला. सगळं राखाडी झालं. तिच्या हाताची सावली असणार. मी तो बाजूला केला. रस्त्यात तमाशा नको. नकाशा पाठवला की डॉक्टरकडे जायचं कबूल केलं.

२० नोव्हेंबर
पूर्ण नकाशा पाठवला. तासाभरात महेंद्रचा फोन. "योगेश, पूर्वेला काहीच नाहीये रे. कोरं आहे."
बर्फ आहे, म्हटलं.

२२ नोव्हेंबर, नगर
डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? कालपरवापासून, म्हटलं. प्रज्ञा म्हणाली, दोन आठवडे झाले. उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटलाय म्हणे. पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर, असं म्हणून डॉक्टर थांबले. मग माझा डावा डोळा झाकून विचारलं, किती बोटं?
तीन, म्हटलं. ठामपणे.
बाहेर आल्यावर प्रज्ञाने सांगितलं, त्यांनी हात वर केलाच नव्हता.