लाल दोऱ्याचा टाका

२३ मे १७९४

काल क्लोदीनचं डोकं उडवलं. मी गर्दीत होते. आजूबाजूच्या बायकांनी टाळ्या पिटल्या — मीही पिटल्या! नसत्या पिटल्या, तर बहीण म्हणून मलाही ओढलं असतं.

(क्रांतीचं नवं पंचांग चौकात चालू दे. या वहीत जुन्याच तारखा.)

सरकार शोधत होतं तो पाद्री मी लपवला होता. मठ बंद झाला, थोरल्या बहिणीच्या, क्लोदीनच्या खोलीत येऊन मी इस्त्रीवाली झाले, तरी आतली नन मेली नव्हती. दार मी उघडलं. क्लोदीन त्याला शिव्या देत पाव द्यायची, एवढंच. तो निसटल्यावर दोन दिवसांनी झडती आली. मी तेव्हा नदीवर, धुण्याच्या होडीत. त्याचं पूजेचं गळपट्टं क्लोदीनच्या गादीखाली सापडलं. मी ते माझ्या कपाटात ठेवलं होतं ना? डोकं चालत नाही.

चुगल्या टाकायच्या समितीच्या पेटीत कुणीतरी चिठ्ठी टाकली, एवढं खटल्यात कळलं. कुणी टाकली ते मी शोधणार. आणि क्लोदीनला वधाला नेलं त्याच गाडीतून पाठवणार!

२ जून

सापडली! पाणक्या बास्तियाँ बादल्या ठेवता ठेवता बोलून गेला. "खालची पेरीनबाई टाकत होती की चिठ्ठी! इकडेतिकडे बघत, चोरासारखी. झडतीच्या आदल्याच दिवशी."

पेरीन! मासे विकते, जिन्यात सांडपाणी ओतते, त्यावरून क्लोदीनशी रोज कडाकडा भांडायची. अक्षरशत्रू बाई — कुणाकडून तरी लिहून घेतली असणार.

३ जून

खाली हसतेय. हस, हस.

११ जून

सूप घेऊन वर आली. "खा गं ओदील, दोन घास. तिच्यासाठी तरी." वर म्हणते, "तू जा बाई इथून. गावाकडे कुठंतरी. तिच्या जिवाला बरं वाटेल." खोली हवीय सटवीला! सूप मोरीत ओतणार होते, पण भूक होती, प्यायले. त्याचाही राग तिच्यावरच निघाला.

२० जून

मीही चिठ्ठी लिहिली. पेरीन पावाच्या रांगेत म्हणाली, राजा होता तेव्हा पाव तरी मिळायचा. — खोटं नाही. रांगेत सगळ्याच म्हणतात. मीही म्हटलंय.

घडी घातली आणि क्लोदीनच्या लाल दोऱ्याने शिवून बंद केली. गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर ती खुणा घालायची तो दोरा, आणि तोच तिचा दुहेरी फुलीचा टाका. तिनेच मला शिकवला, गल्लीत दुसऱ्या कुणाला येत नाही. सूड तिचा, मग टाकाही तिचाच हवा.

२४ जून

नेली! बाजारात जिची हाळी पुलापलीकडे ऐकू जाते, ती आज अवाक्षर बोलली नाही. शिपायाने लाल टाक्याचा कागद तिच्या तोंडापुढे नाचवला. तिने तो पाहिला, मग मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी मागे सरले नाही.

नंतर सहा टोप्यांना इस्त्री केली. छान झाली.

१० जुलै

गाड्या भरभरून जातात. मरणाऱ्यांची यादी पुकारणाऱ्याच्या मागे मी रोज कोपऱ्यापर्यंत जाते. तिचं नाव अजून नाही. देवा, असं मागू नये — पण लवकर!

३० जुलै

डोकी उडवणाऱ्यांचीच डोकी गेली. चौकात लोक नाचतायत. समितीचा कारकून लोरियो सदरे न्यायला आला. तिकडे कागद जाळणं चाललंय म्हणाला. "हा तुमच्या बहिणीच्या खटल्यातला. घ्या. आणि उद्या कुणी विचारलं तर सांगा हं नागरिकबाई, लोरियो भला माणूस होता!"

कागदाच्या कडेला लाल दोरा, मधोमध कापलेला. दुहेरी फुली. अक्षर क्लोदीनचं.

"ओदील नन होती म्हणून तुम्ही तिच्यावर पाळत ठेवली आहे. उगाच वेळ घालवू नका. पाद्री मी लपवला. माझ्या गादीखाली बघा. तिला काहीही ठाऊक नाही."

माझ्या कपाटातून गळपट्टं तिनेच काढलं. झडती माझ्यावर येणार होती! पेरीनने फक्त चिठ्ठी पेटीपर्यंत पोहोचवली. गावाकडे जा म्हणाली, तेही क्लोदीनचंच सांगणं असणार.

जिन्यात लोरियोला गाठलं. पेरीन जिवंत आहे का? "मला काय ठाऊक बाई! रोजचे इतके जायचे." दोन महिने मी त्या चिठ्ठीवाल्याच्या मरणाची वाट बघत होते. आता तसली चिठ्ठी टाकणारी मीच उरले.

८ ऑगस्ट

पेरीन सुटली. वर आली. निम्मी राहिलीय. बस म्हटलं, बसली नाही.

"मला वाचता येत नाही. टाका मात्र ओळखता येतो."

म्हणजे नेलं त्या दिवसापासून तिला ठाऊक होतं!

"पाद्री कुणी लपवला ते क्लोदीनने मला सांगितलं होतं. तुझं नाव घेतलं असतं तर त्याच दिवशी सुटले असते."

मग का नाही घेतलंस?

"शब्द दिला होता. तिला. तुला नाही."

टेबलावरचं लाल दोऱ्याचं रीळ उचललं आणि खाली गेली.